प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत

रानजाई | ८ जुलै, रात्री ११:४०

सर्वांना जय ख्रिस्त.

सहा-सात वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहिलं कधीच नाही. आज लिहिते, कारण दोन्ही मुलं झोपली आहेत आणि मला झोप येत नाही.

माझे मिस्टर फेब्रुवारीत गेले. वय ४७. एसटी डेपोत मेकॅनिक होते. सकाळी नेहमीसारखा डबा भरून दिला, दुपारी साडेबाराला डेपोतून फोन आला. हार्ट अटॅक. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डबा संध्याकाळी कुणीतरी घरी आणून दिला. उघडलेलासुद्धा नव्हता. घासून वरच्या फळीवर ठेवला आहे, खाली काढायचं धाडस होत नाही.

आम्ही नगरचे. माहेर-सासर दोन्हीकडे चार पिढ्या चर्चच्या मंडळीतल्या. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मी दुसरीत असताना शब्बाथशाळेत पाठ म्हटलं होतं आणि बक्षीस म्हणून रंगीत कार्ड मिळालं होतं. दफनविधीला पाळकसाहेबांनी तेच वाचलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." त्या ओळीपुढचं मला काही ऐकूच आलं नाही. उणं पडलंय ना. माझ्या समोर पेटीत झोपलंय, आणि मी कसं म्हणू उणं पडणार नाही?

नंतर भेटायला येणारे प्रेमाने आले हे मला कळतं. पण बोलणं सोसवत नव्हतं. "प्रभूला तो जास्त प्रिय होता." "देवाची योजना असते." एक बाई म्हणाल्या, "रडू नकोस, अविश्वास दिसतो." एकाने तर विचारलं की घरात नियमित कौटुंबिक प्रार्थना होत होती ना? तेव्हापासून मंडळीत गेले तरी शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद व्हायच्या आत उठून येते. गाणं सुरू झालं की घसा बंद होतो. घरी गुडघे टेकते, पाच मिनिटं तशीच बसते, उठते.

पतसंस्थेचं कर्ज आहे, पीएफचे कागद अजून फिरतायत, मुलगी यंदा बारावीला आहे. ते सगळं करते आहे. पण आतून ज्या गोष्टीवर उभी होते, तीच सापडत नाहीये.

ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना विचारते. वचनं पाठवू नका, मला पाठ आहेत. तुम्ही काय केलं ते सांगा.

*

कृपाछाया | ९ जुलै, सकाळी ६:१५

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही वचन नको म्हणालात तरी एक देते, कारण ते माझ्या आयुष्यात खरं ठरलं आहे. रोमकरांस पत्र ८:२८. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. आज दिसणार नाही, उद्या दिसेल. विश्वास सोडू नका. खंबीर राहा.

*

चाफेवाला | ९ जुलै, दुपारी २:०५

रानजाई, मी वसईचा. कॅथलिक आहे, त्यामुळे आपल्या चालीरीतींत थोडा फरक पडेल, तो समजून घ्या.

माझी बायको २०१४ साली कॅन्सरने गेली. दीड वर्ष परळच्या फेऱ्या चालल्या होत्या. आमची सोनचाफ्याची वाडी. कळ्या पहाटे खुडायच्या, पुड्या बांधायच्या आणि पहिल्या गाड्यांनी दादरला पाठवायच्या. घरात कोणी मेलं म्हणून चाफा थांबत नाही, कळी झाडावरच फुलली की तिला भाव नाही. ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी पहाटे वाडीत गेलो आणि मला हात वर करता येईना. तिथेच बांधावर बसलो.

तेवढ्यात आमचे धर्मगुरू आले. त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. मला वाटलं आता उपदेश येणार. ते एक शब्द बोलले नाहीत. आकडी घेतली आणि खुडायला लागले. त्यांना नीट जमत नव्हतं, अर्ध्या कळ्या देठापासून मोडत होत्या. तास-दीड तास खुडत राहिले. जाताना डोक्यावर हात ठेवला आणि मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, गेले. पुढे पंधरा-वीस दिवस ते येत राहिले.

महिन्याभराने मीच त्यांना म्हटलं, फादर, मला प्रार्थना येत नाही, मला फक्त देवाचा राग येतो. ते म्हणाले, मग रागाची प्रार्थना कर, ती बायबलमध्येच आहे. आणि त्यांनी मला ८८ वं स्तोत्र उघडून दिलं.

तुम्ही मंडळीत वाढलेल्या, तुम्हाला स्तोत्रसंहिता माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण ८८ वं कुणी पाठ करून घेत नाही. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळतात, दोन ओळी तरी आशेच्या येतात. हे वळत नाही. सुरुवातीपासून ओरडणं आणि शेवटही अंधारात. तरी ते १५० स्तोत्रांत आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणजे ज्यांनी ही स्तोत्रं जपली त्यांना ठाऊक होतं की मंडळीत अशीही माणसं बसलेली असतील, आणि त्यांच्या तोंडी द्यायलाही काहीतरी लागेल. मी ते रोज मोठ्याने वाचायचो. वाडीत, झाडांमध्ये, कुणी नसताना.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, दुःखाची रहस्यं म्हणतात, येशूच्या दुःखाचे प्रसंग. त्यातलं पहिलंच गेथशेमाने बागेतलं, येशूला पकडलं त्या रात्रीचं. लहानपणापासून हजारदा म्हटलं असेल. ती गेल्यावर प्रथमच लक्षात आलं की तिथे येशू मित्रांना म्हणतो, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे थांबा. तो सुद्धा एकटा राहायला तयार नव्हता. आणि मित्र झोपले. तुमच्या बाबतीत लोक झोपले नाहीत, बोलत राहिले, पण तुम्ही एकट्या पडलात ते तसंच.

"रडू नकोस, अविश्वास दिसतो" म्हणणाऱ्या बाईंना योहानाचा अकरावा अध्याय वाचायला सांगा. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो काय करतो? "येशू रडला." दोनच शब्दांचं वचन आहे. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाही रडू येतं, आणि ते येऊ द्यावं, एवढं मी त्यातून शिकलो.

*

आठवा_प्रहर | ९ जुलै, दुपारी ३:३०

प्रार्थनेत आहात, ताई. मुलांची नावं नका सांगू, तरी त्यांच्यासाठी करतोय.

*

वाळवंटातली | ९ जुलै, रात्री १०:२०

मी कुवेतमध्ये नर्स आहे. मूळची मिरजेची.

मे २०२१ मध्ये आई कोविडने गेली. इथली आणि भारताची विमानं बंद होती. मातीला पोचण्याचा प्रश्नच नव्हता. भावाने फोन धरला आणि मी व्हिडिओ कॉलवर दफन पाहिलं. चार माणसं पीपीई किटमध्ये, पाळकसाहेब लांब उभे, आवाज सारखा तुटत होता. कॉल संपल्यावर अर्ध्या तासाने माझी ड्यूटी होती, तीही कोविड वॉर्डात.

इथे उपासना शुक्रवारी असते, कारण सुट्टी शुक्रवारी. तेव्हा ऑनलाइनच चालायची. मी कॅमेरा बंद करून बसायचे. आमच्या गटात बहुतेक मल्याळी, दोघी-तिघी तेलुगू, मराठी मी एकटीच. एकदा प्रार्थनेची पाळी माझी आली आणि मी म्हटलं, मला जमणार नाही, मला काही म्हणावंसंच वाटत नाही. सगळे गप्प झाले. मग आमच्यातली एक मोठी सिस्टर म्हणाली, तू नको करूस, तुझ्या वाटणीची आम्ही करतो. आणि पुढचे चार महिने ती बाई मला दर शुक्रवारी फोन करून सांगायची की आज तुझ्या वाटणीची झाली.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट उचलून आणतात, छप्पर उसकटतात आणि खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे एक अक्षर नाही. तो नुसता पडून आहे. मला त्या चार महिन्यांत वाटायचं की मी बाजेवर आहे आणि मल्याळी बायकांनी चारी कोपरे धरलेत.

ताई, तुमच्या मंडळीत एक तरी माणूस शोधा ज्याला सांगता येईल की माझ्या वाटणीची तू कर.

आता नर्स म्हणून बोलते, राग मानू नका. झोप येत नाही हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंय. पाच महिने झोप नसेल, जेवण कमी झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वास कमी पडण्यासारखं काही नाही. आणि जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदाही मनात आला तर १४४१६ लावा. टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही.

एलीया संदेष्टा आठवतो का? पहिले राजे, अध्याय १९. रानात एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, बस झालं देवा, आता माझा जीव घे. देवदूत त्याला रागावत नाही, उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायलाच घालतो, कारण वाट लांबची आहे. देवाची मंद वाणी वगैरे सगळं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आधी दोन वेळचं जेवण आणि दोन वेळची झोप. वॉर्डात मी हे रोज बघते.

*

रानजाई | ९ जुलै, रात्री ११:५५

चाफेवाला दादा, वाळवंटातली ताई, खूप वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

८८ वं स्तोत्र काढलं. माझ्या बायबलमध्ये त्या पानावर एक खूण नाही. २३, ९१, १२१ या पानांवर पेन्सिलच्या रेघा, तारखा, काय काय. हे पान कोरं. आज पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, दार लावून. शेवटची ओळ झाल्यावर रडले. फेब्रुवारीनंतर अशी नव्हते रडले. मुलगी उठून आली, काही विचारलं नाही, शेजारी बसली.

जेवणाचं खरं आहे. भाकरी मात्र अजून पाचच थापते. दोन उरतात.

*

कृपाछाया | १० जुलै, सकाळी ६:०५

ताई, मी काल "खंबीर राहा" लिहिलं. रात्री सगळे प्रतिसाद वाचले आणि मला माझंच वाईट वाटलं. तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही. माफ करा.

सकाळी तोच आठवा अध्याय पुन्हा उघडला. २८ वं वचन मी किती वेळा लोकांना पाठवलं असेल. पण त्याच्या दोनच ओळी वर, २६ व्यात, हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, आणि तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो, ज्याला शब्द नाहीत असं कण्हणं. आधी कण्हणं, मग कल्याण. मी मधलं सोडून नेहमी २८ व्यावर उडी मारत आले. तुम्ही जी पाच मिनिटं गुडघ्यांवर गप्प बसता, ती पौलाच्या हिशेबाने प्रार्थनाच आहे, असं मला आज वाटतंय.

*

इंद्रायणीकाठ | १० जुलै, सकाळी ९:४०

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी वारी आहे. बोलू की नको असा विचार करत होतो. ताई, आमच्याकडेही संतांनी विठोबाशी कडाकडा भांडण केलं आहे. घरात माणसं गेली, दुष्काळ पडला, तेव्हा त्याला निष्ठुर म्हटलं आणि तरी दारातून उठले नाहीत. माझे आजोबा म्हणायचे की भांडायलाही समोर कुणीतरी आहे हे धरूनच माणूस भांडतो.

एक प्रश्न आहे, मनापासून विचारतो. तुमच्या धर्मात आशा म्हणजे मेल्यानंतर पुन्हा भेट, एवढंच आहे का? की आज, या घरात काही?

*

केडगावकर | १० जुलै, दुपारी १:१५

इंद्रायणीकाठ, तुमच्या प्रश्नाला धर्मशास्त्रातलं उत्तर देण्याएवढा मी शिकलेला नाही. माझ्या गावातलं देतो. पुणे जिल्ह्यातलं, दौंडजवळचं केडगाव.

पंडिता रमाबाईंना सगळे विदुषी म्हणून ओळखतात. त्यांच्यावर काय काय कोसळलं ते ओळीने कुणी सांगत नाही. जन्म १८५८. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. बहीणभाऊ दोघेच उरले आणि पायी देशभर फिरले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. पदरात दहा महिन्यांची मुलगी, वय चोवीसच्या आत. बाप्तिस्मा त्याच्या पुढच्या वर्षी, इंग्लंडमध्ये. म्हणजे आधी सुख होतं आणि मग धर्म मिळाला, असं त्यांचं नव्हतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली-बाया गोळा करून आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तीन वर्षांनी पुन्हा दुष्काळ, पुन्हा शेकडो मुली. भुकेने आपली आई मेलेली जिने पाहिली, ती बाई दुसऱ्या दुष्काळात घरी बसू शकली नाही. त्या मुली विहिरीचं पाणी शेंदत, विणत, शेती करत, छापखाना चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि खिळे जुळवायला त्याच मुली.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. तीच दहा महिन्यांची मुलगी, आईचा उजवा हात झालेली. रमाबाईंचं त्यानंतरचं आयुष्य नऊ महिन्यांचं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या नऊ महिन्यांतही भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. पूर्ण बायबल छापून आलं ते त्यांच्यामागे, १९२४ मध्ये.

माझी पणजी त्या दुष्काळातल्या मुलींपैकी. तिचं गाव कुठलं, आईबाप कोण, आम्हाला काही माहीत नाही. तिच्या आधीचं काहीच नाही. आम्ही घरात आज एकोणीस माणसं आहोत. "आज, या घरात काही?" असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

*

इंद्रायणीकाठ | १० जुलै, दुपारी १:५०

उत्तर मिळालं. नमस्कार.

*

चाफेवाला | १० जुलै, संध्याकाळी ७:३०

केडगावकरांनी सांगितलं त्यापुढे माझं थोडंसं.

पुन्हा भेट होणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. २ नोव्हेंबरला आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत जमतं, प्रत्येक कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या. मी तिच्यासाठी चाफा नेतो. त्या उजेडात उभं राहिलं की मेलेले आणि जिवंत यांच्यातली भिंत पातळ वाटते. पण बाकीच्या ३६४ दिवसांचं काय, हे मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं.

मला धीर देणारी गोष्ट पुनरुत्थानाच्या अगदी शेवटी आहे, योहान २१. मरण जिंकून आलेला येशू. त्याने काय करायला हवं होतं? ज्यांनी खिळले त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं होतं, माझ्या मते. तो तळ्याच्या काठावर जातो. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परतत असतात. काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर. तो त्यांना न्याहारीला बोलावतो. रात्रभर जागलेल्या, खचलेल्या, त्याला सोडून पळालेल्या माणसांना तो प्रश्न विचारायच्या आधी खायला घालतो. आणि त्याच्या हातांवर जखमा तशाच आहेत. थोमा या शिष्याला त्याने त्या दाखवल्या होत्या. पुनरुत्थान झालं म्हणून व्रण पुसले गेले नाहीत.

रानजाई, तुमच्या घरातला डबा फळीवर आहे. तो खाली काढायची घाई करू नका.

*

मुळाकाठ | १० जुलै, रात्री ९:१०

रानजाई ताई, मी राहुरीची. नगर मला तासाभरावर. मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, इकडे पहिल्यांदाच आले.

माझे हे तीन वर्षांपूर्वी गेले. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. आम्ही दर सप्टेंबरला हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला जायचो, ते गेल्यावर मी गेले नाही. मागच्या वर्षी शेजारीण म्हणाली, मी पण येते चल. ती ख्रिस्ती नाही. तिनेच मेणबत्ती घेतली, तिनेच लावली, मी नुसती बाजूला उभी राहिले. येताना एसटीत तिच्या खांद्यावर झोप लागली. बऱ्याच दिवसांनी लागली होती.

मला तुमच्या वाटणीची प्रार्थना करता येईल. रोज पहाटे करते, त्यात धरीन. आणि तुम्हाला चालत असेल तर शनिवारी येते. बोलायला नाही. उरलेल्या दोन भाकरी खायला.

*

रानजाई | ११ जुलै, रात्री १२:२०

या ताई. पत्ता मेसेजमध्ये पाठवला आहे.

रविवारी मुक्काम करा. मंडळीत तुमच्याबरोबर बसेन, शेवटपर्यंत थांबायचा प्रयत्न करीन. गाणं नाही जमलं तर तुम्ही म्हणा.

पाच भाकरी बाजरीच्या करते. सोबत काय आवडतं ते कळवा.

*

मुळाकाठ | ११ जुलै, सकाळी ५:४५

पिठलं. ठेचा मी आणते.